जानापाव आणि भेरूघाटासाठी मागची कॅसेट बदलायची आहे (११-२८ ऐवजी ११-३४), सल्ला हवा

लोकमान्यनगरवाला

नमस्कार मंडळी. वय ५२, राहणार इंदूर. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाकडून जुनी रोड बाइक घेतली. गाडी उत्तम आहे. गिअरचा संच शिमानो १०५, आर७००० मालिका, मागे ११ गिअर, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या (चेनरिंग). मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, ११-२८: सर्वांत लहान चकती ११ दात्यांची, सर्वांत मोठी २८ ची.

सपाटीवर तक्रार नाही. सुपर कॉरिडॉरला पहाटे तासभर छान फिरून होतं. अडतं ते चढावर. गेल्या महिन्यात जानापावला गेलो. महूच्या पुढे, मानपूरच्या अलीकडे फाटा घेतला आणि टेकडीचा रस्ता सुरू झाला तसा पहिल्याच मोठ्या वळणानंतर शेवटच्या, म्हणजे सर्वांत सोप्या गिअरला आलो. त्यानंतर बोटं सारखी शिफ्टरवर जात होती, पण मागे गिअर शिल्लकच नव्हता. उभं राहून मारलं, नागमोडी मारलं, शेवटी उतरून गाडी हातात धरून चालत कुंडापर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना उजवा गुडघा बोलत होता.

पावसाळ्यानंतर ओंकारेश्वरला जाऊन त्याच दिवशी परत यायचं मनात आहे. जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास. इंदूरच्या लोकांना माहीत आहेच, आपलं शहर पठारावर. त्यामुळे सिमरोलनंतर भेरूघाट जाताना उताराचा आणि येताना चढाचा. म्हणजे नर्मदेकाठून शंभराहून जास्त किलोमीटर अंगावर घेऊन आल्यावर घाट समोर येणार. आत्ताच्या गिअरवर ते झेपणार नाही, हे मला स्पष्ट दिसतंय.

प्रश्न एवढाच: ११-३४ ची कॅसेट आणून सरळ बसवता येते का? दुकानदार म्हणतो, "बसून जाईल." त्याच्या आवाजावरून मला खात्री वाटली नाही.

सिंहगड_पहाटे

दादा, कॅसेट बदलायच्या आधी तीन महिने चढ मारत राहा. मी पुण्यात आहे, सिंहगडाला दर रविवारी जातो. सुरुवातीला मीही उतरायचो. पाय तयार होतात. सोपा गिअर दिला की पाय त्या सोप्यालाच सरावतात, असं माझं मत आहे. पैसे खर्च करून सुटणारा हा प्रश्न नाही.

गुडघ्यांची_मैत्रीण

दादांच्या मताचा आदर ठेवून सांगते, इथे गुडघा दुखलाय, त्यामुळे मला वेगळं म्हणायचं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंदूरलाच.

चढ तोच, माणूस तोच, वेगही तोच धरला तर लागणारी ताकद तेवढीच राहते. फरक पडतो तो पायडलच्या प्रत्येक दाबावर. मिनिटाला ४५ फेरे मारले तर एकेका दाबाला जास्त जोर, ५५ मारले तर कमी. हा जोर मांडीच्या पुढच्या स्नायूंतून वाटीवर येतो. पन्नाशीतल्या गुडघ्याने घाटभर ४५ च्या लयीत दाब सोसायचा आणि त्यातून 'पाय तयार' करायचे, हे मी माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही सांगणार नाही. पाय तयार होतात ते दाब पेलून पुन्हा उद्या सायकलवर बसता आलं तर.

एक आधी तपासा, काका. सीट खाली तर नाही ना? टाच पायडलवर ठेवून, पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो आणि तो कॅसेट बदलूनही जाणार नाही.

पाना_आणि_ग्रीस

काका, खरेदीच्या आधी गाडी उलटी करा आणि मागच्या डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) केजची, म्हणजे त्याच्या दोन छोट्या पुल्या धरणाऱ्या लोंबत्या पट्टीची, आतली बाजू पुसा. तिथे एसएस किंवा जीएस अशी अक्षरं असतील. तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या दोन अक्षरांत आहे. ती बघून सांगा, तोवर काही विकत घेऊ नका.

लोकमान्यनगरवाला

ताई, सीट खरंच पाऊण इंच खाली निघाली. वर केली आहे. बारीकशी गोष्ट, पण कुणी सांगितलीच नव्हती.

पाना भाऊ, जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून घासला. दोन वर्षांचं तेल आणि धूळ यांचा काळा थर होता. खालून एसएस निघालं.

पाना_आणि_ग्रीस

मग दुकानदाराचं "बसून जाईल" तिथेच सोडा. आता नीट लिहितो, कारण हाच प्रश्न दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं.

मागचा डिरेलर दोन कामं करतो. एक, चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो. दोन, उरलेली ढिली चेन ओढून धरतो. पहिल्या कामाला मर्यादा आहे ती सर्वांत मोठ्या चकतीची, कारण वरची पुली तिच्या खाली मावली पाहिजे. दुसऱ्याला मर्यादा केजच्या लांबीची.

आर७००० मध्ये एसएस म्हणजे छोटी केज: मोठी चकती जास्तीत जास्त ३० दात्यांची. जीएस म्हणजे मध्यम केज: २८ ते ३४. हे शिमानोचेच आकडे आहेत. चेन ओढून धरायची क्षमता एसएसची ३५ दाते, जीएसची ३९. ती मोजायची अशी: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक मागच्या सर्वांत मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. तुमचं पुढे ५०-३४ म्हणजे १६. मागे ११-३० लावली तर १९. बेरीज ३५, एसएसला काठोकाठ. ११-३४ लावली तर २३, बेरीज ३९, जीएसला काठोकाठ. कंपनीने आकडे उगाच ठरवलेले नाहीत, हे या बेरजेवरून कळतं.

म्हणून तुमच्यापुढे दोन रस्ते. डिरेलर आहे तोच ठेवून ११-३०. किंवा जीएस डिरेलर, ११-३४ कॅसेट आणि नवी, लांब चेन, असं तिन्ही एकदम.

किती फरक पडेल? २५ मिमीच्या टायरवर चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटर. पुढे ३४ धरून पायडलच्या एका पूर्ण फेऱ्याला तुम्ही २८ वर २.५६ मीटर जाता, ३० वर २.३९, ३२ वर २.२४, ३४ वर २.१. ताशी ७ किमीने चढत असाल तर मिनिटाला फेरे अनुक्रमे ४६, ४९, ५२ आणि ५५. म्हणजे ११-३० ने तीनच फेरे वाढतात. ३४ ने नऊ. एकेका दाबाचा जोर साडेसतरा टक्क्यांनी उतरतो. तुमचं आणि सायकलचं वजन मिळून ८८ किलो धरलं, चढ दहा टक्क्यांचा धरला, तर ताशी सातला सुमारे १७५ वॅट लागतात. ते कुठल्याही कॅसेटने कमी होणार नाहीत. पण ते कसे द्यायचे, हे कॅसेट ठरवते.

भेरूघाट_रविवार

माझ्या गाडीला एसएस डिरेलर आहे आणि वर्षभर ११-३२ चालवतोय. बी-स्क्रू (डिरेलरची वरची पुली चकतीपासून जवळ-दूर करणारा स्क्रू) आत पिळला, काम झालं. डिरेलर बदलायची गरज नाही.

पाना_आणि_ग्रीस

चालत असेल, मी नाकारत नाही. फ्रेमच्या हँगरची, म्हणजे डिरेलर जिथे टांगतात त्या तुकड्याची, लांबी थोडी इकडेतिकडे असते, कुणाला जमतं, कुणाला नाही. पण बेरीज करा: १६ अधिक २१, सदतीस. क्षमता ३५. म्हणजे पुढे लहान आणि मागे लहान या जोडीत चेन लोंबत असणार. त्या गिअरला जाऊ नये म्हणता येईल. उलट बाजूचं मात्र गंभीर आहे. चेन २८ च्या मापाचीच ठेवली आणि दमलेल्या माणसाने चुकून पुढे मोठं, मागे मोठं लावलं, तर चेन ताणून डिरेलर पुढे खेचला जातो. हँगर तुटतो, डिरेलर आऱ्यांत जातो. मी हे एकदा डोळ्यांदेखत पाहिलं आहे. चोरलच्या पुढे, भर उन्हात. त्या मुलाची गाडी टेम्पोतून आणावी लागली.

रविवार भाऊ, तुम्ही ३२ लावल्यावर चेन नवी घेतली होती का? नसेल तर आज संध्याकाळी स्टँडवर गाडी लावून, हाताने, अगदी सावकाश ५०-३२ लावून बघा. केज पूर्ण आडवी ताणली जात असेल तर त्या चेनवर घाटात जाऊ नका.

भेरूघाट_रविवार

बघितलं. केज जवळजवळ सरळ रेषेत येते. चेन जुन्याच मापाची होती. नवी मागवतोय. धन्यवाद भाऊ, मनापासून.

सिंहगड_पहाटे

माझं मत थोडं बदललं आहे. दुखऱ्या गुडघ्याला मी 'मारत राहा' म्हणायला नको होतं. तरी ११-३४ मध्ये मधल्या चकत्यांमधलं अंतर वाढतं, हे काकांना कुणी सांगितलं नाही. सपाटीवर त्याचा त्रास होतो.

पाना_आणि_ग्रीस

खरं आहे, हे सांगायलाच हवं होतं. ११-२८ मध्ये आहेत ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. ११-३४ मध्ये ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. म्हणजे १२ आणि १४ जातात. ताशी ३६ ने जाताना ५०-१३ वर मिनिटाला ७४ फेरे, ५०-१४ वर ८०, ५०-१५ वर ८५-८६. नव्या कॅसेटवर मधला ८० मिळणार नाही. गटात सतत त्या वेगाने जाणाऱ्याला ते खुपतं. काका, सुपर कॉरिडॉरला तुमचा वेग किती असतो?

लोकमान्यनगरवाला

वारा पाठीशी असेल तर २८. मला १४ ची चकती गेल्याचं दुःख होणार नाही.

आजोबांची_रॅले

मी ७१ वर्षांचा. शाळेपासून सायकल चालवतो, गिअर पहिल्यांदा वापरले ते साठीत. 'सोपा गिअर म्हणजे कमीपणा' हा विचार सायकलीइतकाच जुना आहे, म्हणून थोडं लिहितो.

टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली. तिचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा डिरेलरला विरोध होता, माणसाने स्वतःच्या स्नायूंवर जिंकावं असं त्यांचं म्हणणं. स्पर्धकांना डिरेलर लावायची परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर आल्प्सच्या पायथ्याशी थांबून मागचं चाक काढायचं, उलटं करून दुसऱ्या बाजूची मोठी चकती पुढे आणायची आणि मग चढायचं, अशी पद्धत होती. आणि आज? शिमानोच्या सर्वांत वरच्या ड्युरा-एस गटात, म्हणजे गिअरच्या संचात, २०२१ पासून ११-३४ कॅसेट आहे. जगातले सर्वांत तगडे पाय ज्या गटावर चालतात, त्यात ३४ ची चकती आहे. तुम्ही बिनदिक्कत लावा.

बडोदेकर_चाकं

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या सायकलला मागे ७ गिअर आहेत, गावातली साधी गिअरची सायकल. बडोद्याहून पावागढच्या माचीपर्यंत जायचं आहे. मलाही अशी कॅसेट बसेल का?

पाना_आणि_ग्रीस

दादा, बऱ्याच ७ गिअरच्या साध्या सायकलींना कॅसेट नसते, फ्रीव्हील असतं. ते हबवर आट्यांनी बसतं आणि चकत्यांसकट अख्खं निघतं. कॅसेट सरळ खाचांच्या फ्रीहबवर (हबचाच एक फिरता भाग) सरकवतात आणि वरून लॉकरिंग, म्हणजे आट्यांची कडी, आवळतात. ओळखायची खूण: चाक काढून, पायडल उलटं फिरवल्यासारख्या चकत्या फिरवा. मधला खाचांचा भाग चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट. तो स्थिर राहिला आणि चकत्याच फिरल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलमध्येही ३४ दात्यांची मोठी चकती मिळते, पण तुमचा डिरेलर ती घेतो का ते आधी बघा. फोटो टाका, वेगळा धागा काढा, तिथे बघू.

लोकमान्यनगरवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. जीएस डिरेलर, ११-३४ कॅसेट, ११ गिअरची चेन, चेन जोडायची क्विक लिंक, लॉकरिंगचं सॉकेट आणि चेन-व्हिप, असं सगळं मागवलं. डिरेलर कॅसेटपेक्षा महाग पडला. काल दुपारी घरच्या गच्चीवर स्वतः बसवायला घेतलं. पाना भाऊ फोनवर होते.

जुनी कॅसेट काढताना चेन-व्हिपने चकती धरायची आणि सॉकेटला लांब पाना लावून लॉकरिंग डावीकडे सोडायचं. पहिल्या जोराला काही झालं नाही. दुसऱ्याला एकदम कडकड असा मोठा आवाज आला, काहीतरी मोडलंच असं वाटलं. लॉकरिंगच्या पाठीवर बारीक खाचा असतात, त्या सुटतात तेव्हा असाच आवाज येतो, हे भाऊंनी सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

फ्रीहब पुसला. खाचांमध्ये एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, त्यामुळे चकत्या एकाच प्रकारे बसतात, चुकायची सोय नाही. सगळं सरकवलं, लॉकरिंग आवळलं. चांगलं घट्ट. ४० न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं, माझ्याकडे टॉर्कचा पाना नव्हता, शेजारच्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणला. तोही क्लिक झाला.

मग भाऊ म्हणाले, मोठी चकती दोन बोटांत धरून हलवा. हलवली. टक. पुन्हा हलवली, टक. पूर्ण आवळलेली कॅसेट केसाएवढी आत-बाहेर होत होती.

पाना_आणि_ग्रीस

फोनवर तो टक ऐकू आला आणि कळलं. हे इथे सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. रोडच्या ११ गिअरचा फ्रीहब १० गिअरच्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिमी लांब असतो. शिमानोची ११-३४ (एचजी७०० किंवा एचजी८००) बनवली आहे ती १० च्या रुंदीत मावेल अशी. त्यामुळे ११ च्या फ्रीहबवर ती लावताना आधी १.८५ मिमीची गोल पट्टी, म्हणजे स्पेसर, आत सरकवावी लागते. ती नसली तर लॉकरिंग फ्रीहबच्या काठावर टेकतं, पाना क्लिक होतो, आणि कॅसेट सैलच राहते. टॉर्कचा पाना इथे फसवतो. बोटं फसवत नाहीत.

लोकमान्यनगरवाला

स्पेसर खोक्यातच होता. कागदाच्या घडीत चिकटून बसलेला, मी खोकं बाजूला ठेवलं होतं. दोन मिलिमीटर जाडीचीही वस्तू नाही ती. लावला, पुन्हा आवळलं, हलवून पाहिलं. आता दगडासारखी.

चेन मोजली. जुनी १०६ कड्यांची होती. नवी पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या ३४ वरून, डिरेलरमधून न घेता, गोल फिरवली, टोकं भेटली तिथून दोन कड्या जास्त धरल्या. ११० भरल्या. म्हणजे जुनी चेन ठेवली असती तर चार कड्यांनी कमी पडली असती, आणि रविवार भाऊंची ती सरळ रेषेतली केज मला आठवली.

शेवटी चेन ३४ वर चढवून बी-स्क्रू फिरवत वरची पुली चकतीला न घासता जितकी जवळ आणता येईल तितकी आणली. आतल्या मर्यादेचा स्क्रू दोनदा तपासला, चेन आऱ्यांत पडू नये म्हणून. संध्याकाळ झाली होती. गल्लीत दहा चकरा मारल्या, प्रत्येक गिअर लावून पाहिला.

गुडघ्यांची_मैत्रीण

काका, आता लगेच जानापावला धावू नका. दोन आठवडे राऊच्या बाजूच्या लहान चढांवर नव्या लयीची सवय करा. आत्तापर्यंत तुम्ही जोर लावून चढत होतात, आता पाय फिरवत चढायचं आहे. श्वास जास्त लागेल. सुरुवातीला ते विचित्र वाटतं.

लोकमान्यनगरवाला

ताईंचं ऐकलं, अठरा दिवस थांबलो. आज पहाटे पाचला घरून निघालो, राऊला चहा, पुढे फाटा.

तेच वळण. मागच्या वेळी शेवटच्या गिअरला आलो होतो तिथे आज मागे दोन चकत्या शिल्लक होत्या. पुढचा चढ अंगावर आला तेव्हा ३४ लावला. वेग फार काही वाढला नाही, मीटरवर ६.८, ७.१ असंच चाललं होतं. पण पाय फिरत होते. मागच्या वेळी माझी नजर पुढच्या चाकावर खिळलेली होती, आज बाजूची झाडं दिसली, खाली मागे पडलेला रस्ता दिसला. ताईंनी सांगितलं तसा दम जास्त लागला, एका वळणावर बोलता आलं नसतं इतका. उतरलो मात्र नाही. कुंडापाशी जाऊन सायकल भिंतीला टेकवली आणि परशुरामाच्या देवळाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. चंबळ इथून निघते हे लहानपणी वडिलांनी दाखवलं होतं, तेव्हा जीपमधून आलो होतो.

रात्रीचे नऊ वाजलेत. दोनदा जिना उतरून पाहिला. गुडघा शांत आहे.

सिंहगड_पहाटे

काका, फार आनंद झाला. मीही माझ्या कॅसेटची पाठ पुसून आलो. २८ आहे. घरी सांगितलं आहे की दिवाळीला विचार करतोय.

आजोबांची_रॅले

शाब्बास. भेरूघाटाच्या दिवशी सिमरोलला पोहे घेऊन उभा राहीन. परतीची वेळ कळवा. एक विनंती, दुपारनंतर त्या घाटात ट्रक फार असतात, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

लोकमान्यनगरवाला

नक्की कळवतो, दादा. आणि जुनी ११-२८ कॅसेट धुऊन, पुसून ठेवली आहे. दाते चांगले आहेत. इंदुरात कुणाला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.

भेरूघाट_रविवार

भाच्याला हवी आहे. तो फक्त बायपास आणि सुपर कॉरिडॉरला पळवतो, त्याला १४ ची चकती हवीच असते. ११ गिअरचंच चाक आहे. स्पेसरही देणार का?

पाना_आणि_ग्रीस

११-२८ ला ११ च्या फ्रीहबवर स्पेसर लागत नाही. लावलात तर लॉकरिंगला आटेच पुरणार नाहीत. नुसती कॅसेट न्या. आणि आवळून झाल्यावर दोन बोटांनी हलवून बघा.